खुनी कोण, हे आधीच ठरवू नका

भंडारा आणि साकोलीच्या मधे, महामार्गालगतच्या लाखनीत राहून मी खुनाच्या रहस्यकथा वाचत आले आहे. त्यातही माझं मन रमतं ते हौशी गुप्तहेरांच्या कादंबऱ्यांत. त्यांच्याजवळ ना वर्दी असते, ना अधिकार. असते ती फक्त नजर आणि चिकाटी. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल त्यातली माझी सर्वांत लाडकी. ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ (१९३०) ही मिस मार्पलची पहिली कादंबरी. अशा कादंबऱ्यांचा पुरेपूर आनंद कसा घ्यावा, याबद्दल अनुभवानं पटलेल्या या काही गोष्टी.

१. खून होण्याआधीची पानं सर्वांत सावकाश वाचा.
प्रेत सापडेपर्यंत घाईघाईनं पानं उलटणाऱ्याच्या हातून अर्धं पुस्तक निसटतं. कोण कुणावर चिडलं, कुणाला पैशांची नड आहे, घरातली कोणती वस्तू नेहमी कुठे असते, हे सगळं तिथेच सांगून झालेलं असतं. मृत माणूसही तिथेच जिवंत भेटतो. तो कळला नाही, तर त्याच्या मरणाचं कारण कसं कळणार?

२. सवयींकडे लक्ष ठेवा.
‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’मध्ये गावच्या पाद्र्याच्या अभ्यासिकेत कर्नल प्रोथेरोचा खून होतो आणि तिथलं उलटून पडलेलं घड्याळ एक वेळ दाखवत असतं. पाद्री मात्र ते घड्याळ मुद्दाम पाव तास पुढे ठेवत असतो. घरच्यांना हे ठाऊक आहे. इन्स्पेक्टर स्लॅकला नाही, आणि तो ऐकून घ्यायला थांबतही नाही. लाखनीच्या वाचकाला ही जागा लगेच उमगते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत कोण कुणाच्या बांधीवर आहे, कोण कोणत्या एसटीनं परततं, हे आपल्याकडे न विचारताही माहीत असतं. मिस मार्पलची सारी विद्या अशा गावकी माहितीतून आलेली आहे. नवा माणूस पाहिला, की तिला गावातला तशाच स्वभावाचा एखादा आठवतो आणि तिथून तिचा तर्क सुरू होतो.

३. पेन्सिल घेऊन बसा.
कोण किती वाजता कुठे होतं, याचा तक्ता करा. घराचा नकाशा काढा, दारं-खिडक्या मांडा. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या लेखकानं अशा कथांसाठी दहा नियम घालून दिले. त्यांचा गाभा असा, की गुप्तहेराच्या हाती लागलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. म्हणजे डाव बरोबरीचा आहे. तो आपणही मन लावून खेळला पाहिजे.

४. शेवटच्या प्रकरणाआधी थांबा.
आपली झाडीपट्टी, म्हणजे हा पूर्व विदर्भ, रात्र-रात्र जागून नाटक पाहणारी. ती एकत्र रंगण्याची सवय इथेही कामी येते. चार जण मिळून एकच कादंबरी वाचा, उकल होण्याआधी पुस्तक मिटा आणि प्रत्येकानं चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहा, कारणासकट. नाव बरोबर निघणं ही दुय्यम गोष्ट. कारण मांडताना जी चर्चा रंगते, ती खरी मेजवानी.

५. उकल कळल्यावर पुन्हा वाचा.
ख्रिस्तीचीच ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ (१९२६) वाचकांशी प्रामाणिक आहे की नाही, यावर तेव्हा मोठा वाद झाला. दुसऱ्या वाचनात मला तरी तिचं एकेक वाक्य काटेकोर सापडलं. पहिल्यांदा आपण कथा वाचतो, दुसऱ्यांदा लेखिकेचं कसब. शेवट मात्र कुणाला फोडून सांगू नका.

६. प्रत्येक गुप्तहेराला त्याच्या वाटेनं भेटा.
बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार आणि काळा पहाड धाडसासाठी वाचावेत. मुलांच्या हाती आधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्यावा. त्या शाळकरी पोराचं चौकसपण मुलांना चटकन लागतं. मिस मार्पलकडे धावपळ नाही. तिथे विणकाम करता करता विचार चालतो, आणि त्या संथपणाची गोडी लागायला थोडा वेळ द्यावा लागतो.

७. संशय आणि पुरावा वेगळे ठेवा.
लहान गावात कुजबुज वाऱ्यासारखी पसरते. कादंबरीतल्या सेंट मेरी मीड गावातही तेच होतं आणि मिस मार्पल ती सगळी ऐकते. पण ऐकलेलं ती ताडून पाहते, निकाल म्हणून स्वीकारत नाही. चांगल्या रहस्यकथेत खुनी सापडतो, तेव्हा बाकी साऱ्यांवरचा संशयही दूर होतो. निर्दोष माणसांची ही सुटका मला खुन्याच्या नावाइतकीच मोलाची वाटते. ज्याच्याविषयी आपलं मत आधीच वाईट झालं आहे, त्याच्या बाजूचाही पुरावा शोधायचा, ही सवय या कादंबऱ्या लावतात. गावात चारचौघांत राहताना तिच्याइतकी उपयोगी सवय दुसरी नाही.