काट्यावर चढायला लाजू नकोस

पोरी, वजन वाढलंय म्हणून तू दवाखान्यात जायचं टाळतेस, असं वहिनी सांगत होती. तुझी आत्या म्हणून आणि प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून आयुष्य काढलेली बाई म्हणून चार गोष्टी कानात सांगते. वजन जास्त असणं हा काही गुन्हा नाही. अशा कितीतरी बायका सुखरूप बाळंत होतात. पण रक्तदाब, साखर, रक्ताच्या गुठळ्या आणि सिझेरियन यांचा धोका त्यांना जास्त असतो. तो वेळेत कळला तर बराचसा आवरता येतो.

दिवस जाण्याआधीच तयारीला लाग. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भाग. आपल्याकडे 23 च्या वर जास्त वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात. उंची 5 फूट 2 इंच असेल तर साधारण 62 किलोला हा आकडा 25 वर येतो. पाळी अनियमित असेल तर चार-पाच किलो उतरल्यानंही फरक पडतो. फोलिक ॲसिडची गोळी आधीपासूनच सुरू कर. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, तेव्हा तर पाळी चुकल्याचं नुकतंच लक्षात आलेलं असतं. वजन जास्त असेल तर गोळीचा डोस वाढवावा लागतो का, ते डॉक्टरांना विचार.

दोन जिवांची असलीस तरी दोघांचं जेवू नकोस. पहिल्या तीन महिन्यांत जादा खाण्याची गरज नसते. पुढे दिवसाला साडेतीनशे कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि पेलाभर दूध. वजन-उंचीच्या भागाकाराचा आकडा 30 च्या वर असलेल्या बाईचं वजन नऊ महिन्यांत 5 ते 9 किलो वाढलं तरी पुरे. मात्र पोटुशी असताना वजन उतरवण्यासाठी उपाशी राहू नकोस. संकष्टी असो की एकादशी, बाळाला उपास घडवायचा नाही. डोहाळजेवणात पुरणपोळी अवश्य खा, पण रोज डोहाळजेवण नको.

साखरेची तपासणी चुकवू नकोस. पहिल्याच भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आकडा 140 किंवा त्याहून वर गेला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. ते पाणी पिऊन अर्ध्या तासात उलटी झाली तर लगेच सांग, तपासणी पुन्हा करावी लागते. आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ जादा इन्सुलिन बनवतं आणि अंगानं वाढतं. मग बाळंत होताना खांदा अडकण्याची भीती असते आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरते.

रक्तदाब मोजताना दंडाच्या पट्ट्याकडे बघ. पट्टा लहान पडला की आकडा खोटाच वर दिसतो. दंडाचा घेर 33 सेंटीमीटरच्या पुढे असेल तर “सिस्टर, मोठा पट्टा लावा” असं सरळ म्हण. आधी पाच मिनिटं शांत बस, पाठ टेकव, पायावर पाय टाकू नकोस. 140/90 च्या पुढे दाब गेला, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगडीखाली दुखलं किंवा तोंडावर एकाएकी सूज आली, तर सकाळची वाट बघू नकोस. धोका जास्त असेल तर डॉक्टर तिसरा महिना संपताना कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात. ती मनानं घेऊ नकोस आणि मनानं बंदही करू नकोस.

सोनोग्राफीला पुन्हा बोलावलं तर घाबरू नकोस. पोटावर चरबी असली की चित्र पुसट येतं, म्हणून दुसऱ्यांदा बघतात.

बाळंतपणानंतर खाटेला खिळून राहू नकोस. सिझेरियन झालं तरी डॉक्टर म्हणतील तेव्हा उठून चाल, कारण पडून राहिल्यानं पायात गुठळी धरते. एकच पोटरी सुजली, दुखली किंवा धाप लागली तर तातडीनं दवाखाना गाठ. टाके पोटाच्या घडीखाली येत असतील तर जागा कोरडी ठेव. दूध उतरायला एखादा दिवस उशीर लागला तरी बाळाला वारंवार छातीशी धर. डिंकाचा लाडू एक पुरे, तीन नकोत. गरोदरपणात साखर निघाली असेल तर सहा आठवड्यांनी पुन्हा तपास आणि पुढेही दरवर्षी तपासत राहा, कारण अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याचा धोका मोठा असतो.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात फुकट तपासणी होते, तिथेही जा. वजनावरून कुणी टाकून बोललं तर हवं तर दवाखाना बदल, पण तपासणी चुकवू नकोस.