श्वानांच्या कोपरावरील घट्टे
ढोकीसारख्या गावी सडपातळ कारवान कुत्रा शहाबादी फरशीवर नित्य बसू लागला, की कोपरावरील केस झडून त्वचा जाड व राखाडी होते. सुश्रुताचार्यांनी ‘कदर’ काढून तप्त स्नेहाने दाह करण्यास सांगितले. परंतु ती व्याधी मनुष्याच्या पायाची. येथे घट्टा हाडाचे रक्षणच करतो. छेदन केल्यास त्या जागेची जखम सहसा भरत नाही, म्हणून छेदन-दहन वर्ज्य. निदानपरिवर्जन हीच चिकित्सा : जाड गोधडी अंथरावी. कुत्रा ती फाडतो, अशी तक्रार येतेच, पुन्हा अंथरावी. स्थूल श्वानाचे वजन घटवावे. कोरडेपणावर खोबरेल अल्प प्रमाणात चोळावे. कुत्रा चाटतो हे वैद्यबंधूंनी विसरू नये. भल्लातक, क्षार, मोरचूद नकोच. पाणी भरल्यासारखी सूज, पू वा रक्तस्राव दिसताच पशुवैद्यकाकडे पाठवावे.