फॉर्म भरण्याआधी मुलाला लोखंड ठोकू द्या

दहावीचा निकाल लागला की आई-वडील दरवर्षी माझ्याकडे तोच प्रश्न घेऊन येतात: ‘कॉम्प्युटर मिळेल ना? एआय, डेटा सायन्स?’ सोबतचा मुलगा गप्प असतो. सुट्टीत काय करतोस, असं त्याला विचारलं की कळतं, तो सायकली खोलतो, गॅरेजात बसतो, वेल्डिंगच्या दुकानासमोर रेंगाळतो. घरच्यांना ती उनाडकी वाटते. मला त्यात त्याचा कल दिसतो.

गणित आणि कोडिंग मनापासून आवडत असेल त्यानं कॉम्प्युटरला जरूर जावं. पण शेजारच्यानं घेतलं म्हणून काही वर्षं आणि काही लाख रुपये ओतू नका. हातानं काम करणाऱ्या मुलासाठी आयटीआयचे फिटर, वेल्डर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर हे ट्रेड आहेत. मेकॅनिकल किंवा मेटलर्जीचा डिप्लोमा आहे आणि तो करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. ही माहिती शाळेतही मिळते. तिथं न मिळणारा सल्ला असा की, फॉर्म भरण्याआधी मुलाला काही दिवस ऐरणीवर काम करू द्या.

गावातल्या, तालुक्यातल्या लोहाराकडे जा आणि शिकवण्याची फी ठरवा. क्लासला देता तशी ती मुकाट्यानं द्या. माल भंगारातून मिळतो. सुरुवात माइल्ड स्टीलच्या गोल बारच्या तुकड्यांनी करावी. फॅब्रिकेशनच्या दुकानात असे तुकडे वजनावर मिळतात. त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आत असतो, त्यामुळे ते चुका सहन करतं. टोक काढणं, वाकवणं, पीळ देणं, भोक पाडणं, एवढ्यावर खुंट्या आणि आकडे तयार होतात. मग ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा घ्यावा. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो, म्हणून त्याला पाणी देता येतं, म्हणजे तो तापवून-बुडवून कडक करता येतो. त्याचं खुरपं किंवा छिन्नी होते. चुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवायचं, तेलात बुडवायचं आणि पुन्हा दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून ठिसूळपणा कमी करायचा. हे एकदा स्वतः केलेल्या मुलाला वर्गातलं हीट ट्रीटमेंट पाठ करावं लागत नाही.

काही बंधनं मात्र कडक पाळा. गॅल्व्हनाइज्ड पाइप भट्टीत घालू नये. जस्ताच्या धुरानं ताप भरतो. जुना शॉक ॲब्सॉर्बर किंवा कुठलीही बंद नळी तापवू नये, ती फुटते. डोळ्यांना चष्मा हवा, अंगात सुती कपडे हवेत, पायात चामडी बूट हवेत. ऐरणीसाठी कुणी रुळाचा तुकडा देऊ केला तर पावती मागा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तलवारी-सुऱ्यांचे व्हिडिओ पाहून तसलं काही बनवायचा हट्ट असेल तर तिथंच थांबवा. भट्टीजवळ मोठं माणूस असलंच पाहिजे.

याहून पद्धतशीर शिक्षण हवं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम पाहा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. हातानं काम करत शिकणं हा तिथल्या शिक्षणाचा पाया आहे. लोहारकामच करायचं ठरलं तर वयाच्या अठराव्या वर्षानंतर केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्या १८ व्यवसायांत लोहार आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज पाच टक्के व्याजानं मिळतं. तरीही नुसत्या खुरप्या-विळ्यांवर घर चालवणं आज कठीण आहे. म्हणून सोबत वेल्डिंग किंवा फिटरचं प्रमाणपत्र हवंच.

आता पालकांशी स्पष्ट बोलतो. ‘आमचा मुलगा काय लोहार होणार?’ या प्रश्नात पगाराची काळजी थोडी आणि जातीचा अहंकार जास्त असतो. घिसाडी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या रस्त्याकडेला पाल ठोकून शेतकऱ्याच्या हातात अवजार दिलं. त्या कामाला तुम्ही हलकं म्हणता तेव्हा मुलगा ते ऐकतो आणि स्वतःच्या आवडीची लाज बाळगायला शिकतो. लोहाराच्या घरातल्या मुलावरही तोच भाता ओढायची सक्ती नको. त्याला कॉम्प्युटर हवा असेल तर त्यानं तिकडे जावं. निवड दोन्ही मुलांची स्वतःची आहे.

भट्टीपुढे दोन दिवसांत मुलगा कंटाळला तर तेही उत्तरच आहे, आणि ते स्वस्तात मिळालं. हात भाजूनही तो तिसऱ्या दिवशी स्वतःहून गेला, तर त्याच्या नावानं कॉम्प्युटरचा फॉर्म भरू नका.