बोईसरला मीटिंग घेताय? आधी पंचांग पाहा, मग प्लेटा मोजा

बोईसरच्या एका हॉटेलात आमची डीलर मीट होती. पहिलं सादरीकरण सुरू झालं आणि घडीच्या पार्टिशनपलीकडे हळदीचा डीजे वाजायला लागला. स्टेजमागे आदल्या रात्रीच्या रिसेप्शनचे गुलाबी पडदे तसेच लटकत होते. प्रोजेक्टरची केबल आणायला गेलेला पोरगा पंधरा मिनिटं परतला नाही. मॅनेजर हात जोडून म्हणाला, "साहेब, मुहूर्ताचा दिवस आहे." खरं होतं ते. इकडचे बरेचसे 'कॉन्फरन्स हॉल' मुळात लग्नाचे हॉल. मीटिंग हा मधल्या दिवसांचा धंदा. म्हणून तारीख पक्की करण्याआधी पंचांग उघडा. आषाढी ते तुळशीचं लग्न या काळात हॉल मोकळे असतात आणि घासाघीस चालते. पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक कोलमडतं, तेवढा धोका पत्करायचा.

हॉल मिळाला म्हणजे खोल्या मिळाल्या, असं मात्र नाही. तारापूर एमआयडीसीत एखाद्या मोठ्या कारखान्याचं शटडाऊन लागलं की बाहेरचे इंजिनीअर आणि फिटर आठवडेच्या आठवडे खोल्या धरून बसतात. पालघर 2014 पासून जिल्ह्याचं ठिकाण आहे, म्हणजे सरकारी बैठकांचे पाहुणे वेगळे. खोल्या आणि हॉल एकाच पत्रात पक्के करून घ्या. खोली बघायची ती संध्याकाळी, खिडकी उघडून. एमआयडीसीच्या बाजूला वारा फिरला की वास येतो, आणि तो सकाळी दहाच्या पाहणीत कळत नाही.

आता पैसे. हॉलचं भाडं किती, हा प्रश्न शेवटी विचारला तरी चालेल. खरी रक्कम ठरते 'मिनिमम गॅरंटी'वर, म्हणजे किमान किती प्लेटांचे पैसे तुम्ही देणारच. समजा 50 प्लेटांची गॅरंटी दिली, दर 800 रुपये, आणि आले 38 जण. 12 न जेवलेल्या प्लेटांचे 9,600 रुपये गेले. आमच्या अनुभवात बोलावलेल्यांपैकी काही जण हायवेवरच अडकतात, त्यामुळे गॅरंटी नेहमी कमी सांगावी आणि 'वाढीव प्लेट त्याच दराने' हे लिहून घ्यावं. आणि ड्रायव्हर! आमच्या बिलात आठ ड्रायव्हर पाहुण्यांच्या दराने जेवले होते. त्यांच्यासाठी साधी थाळी वेगळ्या दराने ठरवता येते, फक्त आधी विचारावं लागतं.

त्यावर कर. ज्या हॉटेलची एकही खोली गेल्या आर्थिक वर्षात दिवसाला 7,500 रुपयांच्या वर गेलेली नाही, तिथे जेवणावर साधारण 5 टक्के जीएसटी लागतो. तशी खोली गेली असेल किंवा हॉटेलने स्वतःच 18 टक्क्यांचा पर्याय घेतला असेल तर 18 टक्के. वरच्याच 40,000 रुपयांच्या जेवणावर हिशेब करा: एकीकडे 42,000, दुसरीकडे 47,200. कंपनीला परत मिळेल म्हणून सोडून देऊ नका, जेवणावरच्या जीएसटीचं क्रेडिट बहुतेक कंपन्यांना मिळतच नाही. नुसत्या हॉलच्या भाड्यावर 18 टक्के. खोलीला 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 पर्यंत 5 टक्के, म्हणजे 3,000 ची खोली 3,150 ला. 7,500 ओलांडलं की सगळ्याच रकमेवर 18: खोली 7,500 ची असेल तर 7,875, आणि 7,600 ची असेल तर थेट 8,968.

वापी-उंबरगावच्या मंडळींनी इथे जरा थांबावं. हॉटेल जिथे उभं आहे त्या राज्याचा कर लागतो. तुमची नोंदणी फक्त गुजरातची असेल तर पालघरच्या बिलावरचं क्रेडिट घेता येत नाही. तो सरळ खर्चच धरा.

सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 4 जुलै 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी उचलून धरली आहेत. काढायला सांगा. ऐकलं नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. मात्र बुकिंग कंपनीच्या नावाने असेल तर 'हा व्यापारी हेतू आहे' असा मुद्दा समोरचा काढणार. तेव्हा कागद पक्के ठेवा.

हॉल बघायला गेलात तर एकच गोष्ट हमखास तपासा: मेन स्विच बंद करायला लावा. जनरेटरवर दिवे आणि पंखे लागतील. एसीही त्यावर चालतो का? अनेक ठिकाणी नाही, आणि चालला तर डिझेलचे पैसे तासाने वेगळे. मग माइक, प्रोजेक्टर, पाण्याच्या बाटल्या, ठरलेल्या वेळेनंतरचा प्रत्येक तास, यातलं पॅकेजमध्ये काय आणि बाहेर काय ते विचारा. जैन मंडळी असतील तर कढई वेगळी आहे का, तेही.

सातपाटीचं पापलेट पाहुण्यांना खिलवायचंच असेल तर लक्षात ठेवा, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत 'ताजं' म्हणणाऱ्याला हसून नको म्हणा. एरवी भाव नगावर की प्लेटवर, आणि नग केवढा, हे आधी ठरवा.

वेळ अकराची ठेवा. मुंबईकडून डहाणू लोकल मोजक्याच आहेत, आणि गाडीने येणाऱ्याला घोडबंदर कधी सोडेल याचा नेम नाही. जेवण आटोपलं की तुमच्या एका माणसाला आणि हॉटेलच्या कॅप्टनला मिळून प्लेटा मोजायला लावा आणि आकड्याच्या चिठ्ठीवर दोघांच्या सह्या घ्या. हे काम उष्ट्या प्लेटा धुवायला जायच्या आत झालं पाहिजे.