अनुदान मिळाले, पुढे काय?

टेक्सासच्या उत्तर टोकाला, पॅनहँडलच्या गवताळ माळरानावर, वणवा विझवायला बहुतेक वेळा आधी पोहोचतात ते बिनपगारी लोक. शेतकरी, गुरे पाळणारे, शिक्षक, मेकॅनिक. पेजर वाजला की हातातले काम टाकून निघतात. अशाच एका स्वयंसेवी अग्निशमन दलाचे हिशेब आणि अनुदानाचे अर्ज मी सांभाळते. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर पेटलेल्या स्मोकहाउस क्रीकच्या वणव्यात दहा लाख एकरांहून अधिक जमीन जळाली. राज्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा वणवा. तेव्हापासून लहान दलांना मदत द्यायला हवी, असे सगळेच म्हणतात. मदत हवीच. पण ती पेलायची तयारी आधी लागते.

आमच्या दलाला ब्रश ट्रक मंजूर झाला तेव्हा गाव आनंदले. गवतात, खाचखळग्यांत शिरणारी, पाण्याची टाकी आणि पंप असलेली ही गाडी वणव्यात सर्वाधिक उपयोगी. मात्र मंजुरीचे पत्र हाती आले तरी पैसे आले नव्हते. आधी खरेदी, मग बिले, मग परतावा, अशी त्या योजनेची रीत होती. दलाची मिळकत म्हणजे काउंटीची थोडी रक्कम, देणग्या आणि बार्बेक्यूच्या जेवणावळीतून जमणारा निधी. कर्ज काढावे लागले, परतावा लांबला आणि डिझेलसाठी ठेवलेले पैसे व्याजात गेले. हिवाळ्यात, शेड गरम ठेवायची सोय नसल्याने, पंपात राहिलेले पाणी गोठून पंप फुटला. त्याची दुरुस्ती अनुदानात बसत नव्हती. ऐन वाऱ्याच्या दिवसांत नवी गाडी उभी आणि दलातली मुले जुन्या गाडीवर आगीकडे गेली.

म्हणून कोणत्याही लहान दलाला माझे सांगणे आहे.

अर्जाआधी स्वतःचा वाटा मोजा. केंद्राच्या अग्निशमन सहाय्य अनुदानात वीस हजारांपर्यंत वस्तीच्या भागातील दलाला ५ टक्के भरावे लागतात. केंद्राच्या वनसेवेची स्वयंसेवी दलांसाठीची मदत दहा हजारांपर्यंतच्या वस्त्यांसाठी असते आणि तिथे साधारण निम्मा वाटा दलाचा. तो अनेक ठिकाणी श्रमाच्या रूपानेही धरला जातो; त्यासाठी स्वयंसेवकांच्या तासांची नोंद त्याच दिवशी करा. टेक्सासमध्ये २००१ च्या कायद्याने सुरू झालेली ग्रामीण दलांची राज्य योजनाही आहे. तिचे नियम वेगळे आहेत, ते स्वतंत्रपणे वाचा. मंजुरीपूर्वी काहीही विकत घेऊ नका.

केंद्राच्या अनुदानासाठी लागणाऱ्या सरकारी नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करा. ती विनामूल्य होते. पैसे मागणाऱ्या मध्यस्थांना दूर ठेवा. लहानशा गवताच्या आगीचाही अहवाल भरा. कागदावर न आलेली आग अर्जात दाखवता येत नाही.

ट्रकच्या आधी माणसांच्या अंगावर काय आहे ते पाहा. घराच्या आगीसाठीचा जाड पोशाख घालून तासन्‌तास गवतात काम केले तर उष्माघाताचा धोका असतो. वणव्यासाठीचे हलके, आग न पकडणारे कपडे आणि प्रशिक्षण ट्रकपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते.

लष्कराची जुनी गाडी मिळत असेल तर वजनाचा हिशेब करा. पाचशे गॅलन पाणी म्हणजे सुमारे १९०० किलो. टाकी, पंप, माणसे वेगळी. चासिसला ते झेपते का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. काही योजनांत गाडीची मालकी केंद्राकडेच राहते, ती विकता येत नाही. विमा, टायर, बॅटरी, शेड यांचा पुढच्या काही वर्षांचा खर्च लिहून काढा आणि तो आकडा दलाच्या सभेत सगळ्यांसमोर ठेवा. झेपत नसेल तर लहान मागणी करा.

अमेरिकेतल्या लहान गावांत राहणाऱ्या मराठी माणसांना माझी कळकळीची विनंती आहे. हिशेब, अर्ज, अहवाल ही कामे आपल्यापैकी अनेकांना उत्तम जमतात आणि दलांना नेमकी तीच माणसे मिळत नाहीत. जवळच्या दलाच्या पुढच्या सभेला जा आणि कागदपत्रांचे काम मागून घ्या. तुम्ही घरी बसून वेळेत भरलेला अर्ज, आगीपुढे उभ्या राहणाऱ्याच्या अंगावर धड कपडे आणि हाती चालणारा पंप देऊ शकतो.