अमळनेर : गिरणीचे आणि शाळेचे गाव

आपल्या सावद्याची केळी दूर दूर जातात. हिरवी केळी इथून गाडीत चढतात आणि तिकडे परगावी पिकतात. पीक आपले, पण पुढचे काम दुसरीकडे होते. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाने मात्र शेतातला माल गावातच पक्का केला. ते गाव अमळनेर.

भुसावळहून सुरतेच्या गाडीत बसा. जळगाव, धरणगाव मागे पडते आणि अमळनेर येते. गाव बोरी नदीच्या काठी आहे. इथे संत सखाराम महाराजांची समाधी आहे. वैशाखात मोठी यात्रा भरते, रथ निघतो.

खानदेशात कापूस चांगला पिकतो. सन १९०० च्या सुमारास इथे रेल्वे आली. पुढे थोड्याच वर्षांत प्रतापशेठ यांनी कापडाची गिरणी काढली. कापसाचे सूत झाले, सुताचे कापड झाले. शेतकऱ्याला जवळ गिऱ्हाईक मिळाले, मजुराला पगार मिळाला.

प्रतापशेठ तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी शिक्षणाला हात दिला. १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. माणसाने कसे जगावे, याचा विचार करायला तिथे विद्वान येऊ लागले.

सानेगुरुजी १९२४ ते १९३० या काळात इथल्या शाळेत शिकवीत. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून रोजचे पत्र काढीत. पुढे ते गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. १९३६ साली आपल्या शेजारी, फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. त्यासाठीही गुरुजी खूप राबले.

१९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी इथे वनस्पती तुपाची कंपनी काढली. भुईमुगाच्या शेंगा आपल्या भागात पिकतातच. शेंगांचे तेल, तेलाचे वनस्पती तूप, शिवाय धुण्याचा साबणही होऊ लागला. हीच कंपनी पुढे विप्रो झाली आणि संगणकाच्या धंद्यात जगभर गेली.

गावातल्या काही लोकांनी या कंपनीचे शेअर घेतले होते. शेअर म्हणजे कंपनीतला वाटा. त्याचा कागद मिळे. ज्यांनी तो कागद समजून घेतला आणि जपून ठेवला, त्यांची घरे वर आली. कागद कशाचा आहे हेच कळले नाही, तर तो रद्दीतच जायचा ना?

गिरणीचे ते दिवस आता राहिले नाहीत. विद्येची आवड मात्र टिकली. १९५२ साली आणि पुन्हा २०२४ साली मराठी साहित्य संमेलन अमळनेरलाच भरले.

मंडळी, हाताला काम हवे, तसे डोळ्याला अक्षरही हवे. दोन्ही मिळाली म्हणजे गाव मोठे होते.

सांगा पाहू :
१. कापसापासून कापड होईपर्यंत कोणाकोणाला काम मिळते?
२. केळीपासून आपल्या गावात काय काय करता येईल?
३. तुमच्या घरी कोणते कागद जपून ठेवले आहेत? आज त्यांतला एक वाचून पाहा.