सडा चढण्याआधी

रत्नागिरी,
20 नोव्हेंबर

चि. मुक्ता,

तुझी यादी मिळाली. तंबू, स्लीपिंग बॅग, गॅसची छोटी शेगडी, दोन जीन्स, लॅपटॉप, हेअर ड्रायर (हा कशाला, ते भेटीत सांग), आणि सगळ्यात खाली ‘पाण्याची बाटली, 1’. एकूण वजन 22 किलो, हेही तूच लिहिलं आहेस. अगं, डिसेंबरात अलिबागहून गोव्याला सायकलने निघालेल्या बाईची यादी पाण्यापासून सुरू व्हायला हवी. बाकीचं सामान पाण्याला जागा करून मग उरलेल्या जागेत बसवायचं.

तू नकाशावर किनाऱ्याची रेघ बघितलीस आणि समुद्राच्या कडेने रस्ता म्हणजे सपाट रस्ता असं गृहीत धरलंस. तसा तो थोडाच आहे. आमच्याकडचा सागरी रस्ता खाडीत उतरतो, पूल किंवा फेरीबोट ओलांडतो, लगेच सड्यावर चढतो, थोडा वेळ माथ्यावर चालतो आणि पुन्हा पुढच्या खाडीत उतरतो. दिवसभर हेच. चढ लांब नसतात, पण उभे असतात. कात्रजच्या घाटासारखी सावकाश वळणं घेत चढायची चैन इथे फारशी नाही. आणि सडा म्हणजे उघडा जांभा. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सड्यावर डबकी साचतात, फुलांचे गालिचे पसरतात. पण जांभ्याला भोकंच भोकं. पाणी त्यातून खाली झिरपतं आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्यांतून, विहिरींतून वर येतं. म्हणून वाड्या खाली, माडा-पोफळीत, आणि माथ्यावर दिवाळीनंतर वाळलेलं गवत आणि तापलेला कातळ. आंब्याची कलमं लागतात तिथे सावली मिळते, पण बागेला गडगा असतो आणि फाटकाला कुलूप. त्याहून खाली खाडीत बघशील तर पाणीच पाणी, सगळं खारं.

म्हणजे पाणी मिळतं चढाच्या पायथ्याशी आणि तहान लागते माथ्यावर. चढ सुरू व्हायच्या तोंडाशी वजन वाढवायला कोणालाच आवडत नाही, म्हणून लोक अर्ध्या बाटलीवर चढायला लागतात आणि ‘वर काहीतरी मिळेल’ म्हणतात. वर काही मिळत नाही. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरशील, तिथे धक्क्यावरच बाटल्या काठोकाठ भर. पुढे मालगुंड-गणपतीपुळ्यापर्यंत वीसेक किलोमीटर आहेत, आणि भरल्या सायकलवर चढ-उतार धरून ते दीड-दोन तास खातात.

मात्र याचा अर्थ दिवसभर पाच लिटर घेऊन फिरायचं असाही नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात सूट नाही. तू पाणी वाहायची सोय पूर्ण ठेव, पाणी लागेल तेवढंच भर. फ्रेमच्या त्रिकोणात साडेसातशे मिलिलिटरच्या दोन बाटल्या कायम भरलेल्या, आणि एक दोन लिटरची घडी होणारी मऊ पिशवी रिकामी, गुंडाळून. सकाळच्या गारव्यात, वाड्या जवळजवळ असतील तेव्हा बाटल्या पुरतात. दुपारचा टप्पा पावसच्या पुढे, आडिवऱ्याच्या किंवा नाट्या-माडबनच्या बाजूला येत असेल, तर निघण्याआधी पिशवी भर. तिथे गावं नाहीत असं नाही. पण कोकणात दुपारी एक ते चार दुकान बंद म्हणजे बंद, आणि मालक आत झोपलेला. तू हाका मारत बसशील. त्यामुळे एकच्या आत भरून घे.

ती भरलेली पिशवी ठेवायची कुठे, यावर थोडा विचार कर. तू ती डाव्या बॅगेत टाकणार, कारण तिथे जागा आहे. सुरुवातीला उजवीकडे तेवढंच वजन ठेवून तोल साधशील. पण पाणी हे वाटेत कमी होत जाणारं एकमेव ओझं आहे. तासाभराने डावी बाजू हलकी झालेली असते आणि उतारावर सायकल उजवीकडे ओढायला लागते. म्हणून कमी होणारं ओझं नेहमी मध्यरेषेवर ठेवावं: फ्रेममध्ये, नाहीतर कॅरिअरच्या माथ्यावर आडवं झोपवून, पट्ट्याने आवळून. बाजूच्या बॅगांत फक्त ते सामान, ज्याचं वजन गोव्यापर्यंत बदलणार नाही.

तुझी मैत्रीण म्हणते पाठीवरची नळीवाली पाण्याची पिशवी घेऊ. तिला माझा निरोप दे, की डोंगरात पायी जाताना ती उत्तम. सायकलवर मात्र तेच वजन कमरेवरून सीटवर येतं आणि तिसऱ्या दिवशी बसवत नाही. शिवाय कोकणच्या दमट हवेत पाठीवरचा घाम वाळत नाही, अंगावर पुरळ उठतं. आत किती पाणी उरलंय तेही दिसत नाही, ही मला सगळ्यात वाईट गोष्ट वाटते. बाटली डोळ्यांसमोर असते, हिशेब आपोआप होतो.

फ्रेमच्या खालच्या नळीखाली तिसरी बाटली लावायची असेल तर झाकणवाली घे. रस्त्यावरचं शेण आणि धूळ पुढच्या चाकाने उडून थेट तिच्या तोंडावर येते. पुण्यात तुम्ही बाटलीला ओला मोजा चढवता, त्याचा इथे फार उपयोग नाही. देशावरच्या कोरड्या हवेत पाणी उडून बाटली गार होते, इथे मोजा नुसता ओला राहतो.

आता किती प्यायचं. ‘तहान लागली की’ हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. पुढच्या रविवारी असं कर: निघण्याआधी वजन कर, तासभर जोरात सायकल चालव, परत येऊन घाम पुसून पुन्हा वजन कर. जितके ग्रॅम घटले त्यात मधे प्यालेलं पाणी मिळव, तेवढे मिलिलिटर तुझा तासाचा घाम. बहुतेकांचा पाऊणएक लिटरच्या आसपास येतो, काहींचा बराच जास्त. इथे डिसेंबरातही दुपारी पारा तिशीपार जातो, त्यात दमटपणा, म्हणून पुण्यातल्या आकड्यावर थोडी भर घाल.

घामाबरोबर मीठ जातं. संध्याकाळी शर्टावर पांढऱ्या रेघा दिसतील त्या त्याच्याच. नुसतं पाणी पीत राहिलीस तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पितो. तेव्हा दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखरेचं. ओआरएसची मोठी पुडी 20.5 ग्रॅमची असते आणि ती पूर्ण एक लिटरसाठी असते; तुझ्या पाऊण लिटरच्या बाटलीत ती ओतलीस तर पाणी गरजेपेक्षा दाट होईल. औषधाच्या दुकानात 200 मिलिलिटरची छोटी पुडी मिळते, त्या तीन टाकून 600 मिलिलिटर पाणी घाल. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खोक्यातली गोड सरबतं ओआरएस म्हणून घेऊ नकोस.

माझं स्वतःचं मत विचारशील तर कोकमाचं आगळ सगळ्यात बरं. त्यात मीठ असतंच, वर साखर घातली की झालं. फक्त बाटलीचं झाकण बघून घे. आगळ कपड्यांवर सांडलं तर डाग आयुष्यभर. शहाळं वाटेत दिसेल तिथे जरूर पी, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, तेव्हा शहाळं प्यायलं म्हणजे मिठाचं काम झालं असं समजू नकोस. आणि साखरेची बाटली रोज रात्री गरम पाण्याने धू. एक दिवस राहिली की झाकणाच्या खाचेत बुरशी धरते आणि तो वास जात नाही.

भरायचं कुठे? एसटी स्टँड, देऊळ, शाळा, नाहीतर सरळ कोणाच्या तरी अंगणात जाऊन ‘काकू, पाणी मिळेल काय’ म्हणून विचार. नाही म्हणणारं घर मला अजून भेटलेलं नाही. उलट बसवून घेतील, उशीर होईल, तो धरूनच चाल. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी आधी घोटभर चाखून बघ. मचूळ लागलं तर भरू नकोस, उकळून किंवा गोळ्या टाकून खारटपणा जात नाही. एरवी शंका आली तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांब. मुक्कामाच्या घरी रात्रीच सांगून ठेवलंस तर सकाळी उकळून गार केलेलं पाणी तयार मिळतं.

आता तुझी यादी. तंबू, स्लीपिंग बॅग, शेगडी, तिन्ही काढ. मुरूड, हरिहरेश्वर, हर्णे, गुहागर, सगळीकडे घरगुती राहण्याची सोय आहे, आणि डिसेंबरात कोकणात उघड्यावर झोपलीस तर पहाटेच्या दवाने तंबू भिजून जड होईल. लॅपटॉप काढ. जीन्स ओली झाली की दोन दिवस वाळत नाही. सायकलचे कपडे दोन जोड, संध्याकाळचा एक हलका जोड, पंचा, चप्पल, बस. पंचा टॉवेलपेक्षा चौपट लवकर वाळतो, हे काही मी मोजलेलं नाही, पण तू करून बघ. कपडे आठ किलोत आटप म्हणत होते, मग हिशेब केला तर सगळं सामानच आठ किलोत बसतं. कॅरिअर आणि रिकाम्या बॅगांचे अडीच-तीन किलो वेगळे.

भरताना जड वस्तू बॅगेच्या तळाला आणि पुढच्या, म्हणजे पायडलकडच्या कोपऱ्यात: हत्यारं, सुटी ट्यूब, चार्जर. सगळं वजन मागे लोटलं की उभ्या चढावर पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल भटकायला लागतं. दोन्ही बॅगा हातात धरून उचल, फरक जाणवला तर पुन्हा भर. बॅग इतकी पुढेही नको की टाच लागेल. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाल. पाऊस नसला तरी फेरीबोटीवर शिंतोडे येतात. आणि धक्क्यावर सायकलवरून उतरूनच चाल. ओहोटीला उतरणीवर शेवाळ असतं आणि भरलेली सायकल एकदा कलली की सावरत नाही. आगरदांडा, बागमांडला, दाभोळ, तवसाळ, चारही ठिकाणी हेच.

मागच्या टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेव. मागच्या चाकाचे गिअरच्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, ओझ्याने तुटले तर बहुधा तेच तुटतात. सायकलवाल्याकडून त्या मापाचे तीन-चार मागून घे आणि सीटखालच्या नळीला चिकटपट्टीने बांध.

दादा म्हणतो मागून गाडी पाठवतो, पाणी-सामान तीत राहील. त्याला समजावायचं काम माझ्याकडे दे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ शर्यत जोडीने पुरी केली, तेव्हा त्यांच्यामागे गाड्या होत्या, कारण शर्यतीत मिनिटं मोजतात. 2018 मध्ये पुण्याची वेदांगी कुलकर्णी विशीच्या उंबरठ्यावर सायकलने 29 हजार किलोमीटर जग फिरून आली, ती सामान सायकलला बांधून. दोन्ही मोठी कामं आहेत, पण जात वेगळी आहे. तुला शर्यत करायची नाही. गाडी मागे असली की तू कोणाच्या अंगणात पाणी मागायला जाणार नाहीस, आणि मग तू कोकण काचेतूनच बघितलंस म्हणायचं.

निघण्याआधी सगळं भरून, पाण्यासकट, कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत दोनदा जाऊन ये. खडखडाट कुठून येतो ते ऐक. नको वाटलेलं सामान तिथेच कळेल. तरी काही जास्तीचं आलंच, तर रत्नागिरीला माझ्याकडे टाक, मी कुरिअरने पुण्याला पाठवीन. इथे दोन रात्री राहा, मधला दिवस आराम. तुझ्या मैत्रिणीला मासे चालतात का ते कळव, म्हणजे तसा बाजार करते.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या

ता. क. कॅरिअरचे बोल्ट पाच मिलिमीटरचे असतात, त्यांना चार नंबरची ॲलन की लागते. खडबडीत रस्त्याने ते सैल होतात. रोज संध्याकाळी चारही आवळून बघ. सुटे चार जवळ ठेव, आणि प्लॅस्टिकचे झिप टाय दहा-बारा. हेअर ड्रायर काढल्यावर त्यांना जागा होईल.